यायला पंचवीस मिनिटं जास्त

४ सप्टेंबर

चि. टिंगूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. ते तुझ्या टकलावर टिकतात की घसरून पडतात, ते एकदा कळव.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचं खुब्याचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात. ती मात्र वॉकर धरून पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच जाते, आणि तेही मी मागे उभी असले तर. नसले तर बसून राहते आणि हाका मारते. काल पुढच्या खोलीत एका कवळीचे दात मेणात बसवत होते. अकरा बसले, बारावा चिमट्यात, आणि हाक आली. उशी सरकली होती. उशी सारून परत येईपर्यंत मेण घट्ट. या आठवड्यात ती एकच कवळी मी तीनदा लावली. ज्यांची आहे ते गृहस्थ दहा दिवस पेजेवर आहेत आणि भेटले की तोंड मिटूनच हसतात.

तिसरी मदतनीसही गेली. आई तिला रोज विचारायची, की तुझी स्वतःची आई तू कुणाच्या भरवशावर टाकून आलीस. चौथ्या दिवशी ती बाई रडली आणि पाचव्या दिवशी आलीच नाही. आई म्हणाली, की बघ, लोक टिकत नाहीत.

आता मुद्द्याचं. दंतमहाविद्यालयाच्या कार्यशाळेत कवळ्या करायला शिकवण्यासाठी मी अर्ज केला होता. त्यांनी मला घेतलंय. गाव इथून गाडीने सहा तासांवर. एक ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता हजर व्हायचं, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. सेहेचाळीसच्या पुढे ते कुणाला घेत नाहीत आणि मला डिसेंबरात सत्तेचाळीस लागेल, म्हणजे ही पहिली आणि शेवटची वेळ. मार्चपर्यंत राहायला एकीपुरतीच खोली आहे, मार्चमध्ये तळमजल्यावरचं घर देतील. तेवढे सहा महिने आईने तुझ्याकडे राहावं. तिला विचारलं, तर म्हणाली, की टिंग्या स्वतः न्यायला आला तर जाईन, नाहीतर या घरातून हलणार नाही. रेल्वेचे तीन दिवस तिला झेपणार नाहीत, चार तासांच्या वर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा विमानाने ये आणि विमानाने घेऊन जा. शनिवारी येऊन रविवारी परत. तुझं तर कामच ते.

फोन आईच्या उशाशी आहे हे तुला माहीत आहे, म्हणून लिहिते. उत्तर कागदावरच दे.

माया आहे तेवढीच ठेव, जास्त नको, पण या वेळी ती घेऊन प्रत्यक्ष ये.
तुझी ताई


११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आशीर्वाद पोचले. घसरगुंडी आहे खरी, पण कानांनी अडवले.

तुझ्या नेमणुकीचं वाचून ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. माझ्या बहिणीच्या हातचे दात लावून अर्धं गाव चावतं, असं सांगितल्यावर त्यांनी तुझ्याबद्दल थोडी भीतीही बाळगली आहे. तू जायचंच. यात दुसरं काही नाही.

आईची सोयही झालेली समज. खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. मी कामावर असताना त्या दिवसभर आईजवळ बसतील. बाई कडक आहेत, दोघींचं छान भांडण होईल. पलंग खिडकीजवळ ओढलाय, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय.

फक्त न्यायला येणं या महिन्यात अवघड दिसतंय. आमच्या खोलीतले दोघं रजेवर आहेत आणि चौदा उड्डाणांचे आराखडे मी एकटा काढतोय. कुठल्या विमानात इंधन किती भरायचं, हे ठरवून सही करणारा माणूस लागतोच. तिकडून आईला कुणी विमानात बसवून दिलं तर? चाकांच्या खुर्चीवरून चढवतात, खुर्चीवरून उतरवतात, मी इथे दारात उभा राहीन. हवाई अंतर अवघं एक हजार तीनशे दहा किलोमीटर. इकडून तिकडे जायला दोन तास, तिकडून इकडे यायला दोन तास पंचवीस मिनिटं. अंतर तेच, पण वारा वर्षातले दहा महिने तुमच्या दिशेने वाहतो. जाताना तो पाठीवर हात ठेवतो आणि येताना छातीवर. एवढ्याशा वेळात तर आईचा एक डुलकाही पुरा व्हायचा नाही.

तिला पटवून बघ. तुझं ऐकेल.

तुझ्या रागाला घाबरून असलेला, तरी लोभाला पात्र,
टिंगू


१६ सप्टेंबर

चि. टिंगूस,
आशीर्वाद, पण हात आखडता घेऊन.

माझं ऐकेल म्हणतोस. तिने माझं ऐकलं असतं तर स्टुलावर चढून पडली असती का? तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली, की मी काय पार्सल आहे? आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवणाच्या वेळेपर्यंत तशीच.

आता माझं ऐक. गेल्या वर्षी तुझा कान दुखत होता. त्याआधी तिकडे संप होता. त्याआधी तुझा साहेब बदलला. पाच वर्षांत तू या घरात एकदा आलास, तेही बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी. विमानात जागा मिळाली नाही म्हणालास. तुझे बूट आणि विजारीचे काठ वाळलेल्या चिखलाने पांढरे झाले होते. मी तेव्हा काही विचारलं नाही. विचारायची वेळ नव्हती.

परवा विमान कंपनीच्या तिकीट खिडकीवरच्या बाई माझ्याकडे दाताचं माप द्यायला आल्या. तोंडात साचा असला की माणूस बोलू शकत नाही, पण साचा काढल्यावर त्या भरभरून बोलतात. एकोणीस वर्षं तीच खिडकी, तेच एक विमान. बाबा गेले तो आठवडा त्यांना पक्का आठवतो, कारण पुराच्या बातम्यांनी लोक घाबरले होते आणि विमानं अर्धी रिकामी जात होती. अर्धी रिकामी, टिंगू! मी हातातला साचा तसाच धरून उभी राहिले, त्याला तडा गेला, आणि त्या बाईंना पुन्हा तोंड उघडावं लागलं.

तू खोटं का बोललास? आमच्याशी काही बिनसलंय का? की आईला घ्यायचंच नाहीये, आणि पलंग खिडकीजवळ ओढला ही नुसती गोष्ट आहे? तुझी पत्रं त्याच विमानाने दोन तासांत येतात. कागद येतो, माणूस का येत नाही?

पंधरा दिवस उरलेत. या घरात मी किती वर्षं ओट्यापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून ओट्यापर्यंत चालतेय, याचं अंतर कुणी मोजलेलं नाही. बाराशे तेराशे किलोमीटर सहज झाले असतील.

खरं लिही. लोभाचं मग बघू.
ताई


२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिनसलं काही नाही. पलंग खरंच खिडकीजवळ आहे.

मी विमानात बसू शकत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला हसायचं असेल तर आधी हसून घे आणि मग पुढे वाच.

पाच वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी आपल्या मार्गाचे दोन्ही आराखडे काढले. जाण्याचा आणि येण्याचा. जाण्याच्या कागदावर वाऱ्याचा आकडा मांडला, तो पाठीवरचा. येण्याच्या कागदावर तोच आकडा छातीवरचा म्हणून मांडायचा असतो. मी तसाच उतरवला. नव्या माणसाने केलं असतं तर दुसऱ्याने तपासलं असतं. मी जुना, माझं तेव्हा कुणी तपासत नसे. तुमच्याकडून निघालेलं विमान वाऱ्याशी झगडत इकडे आलं, त्यात इथे धुकं, म्हणून घिरट्या. उतरलं तेव्हा टाकीत अकरा मिनिटांचं इंधन होतं. आत एकशे बारा माणसं. सगळी उतरली, सामान घेतलं, रिक्षावाल्यांशी हुज्जत घालून घरी गेली. कुणाला काही कळलं नाही.

कॅप्टन आमच्या खोलीत आले. वयस्क गृहस्थ. त्यांनी माझीच पेन्सिल उचलून माझ्या आकड्याभोवती गोल काढला, मला चहा पिऊन घे म्हणाले आणि गेले. ते ओरडले असते तर मी आज बरा असतो. चौकशी झाली, लेखी समज मिळाली, आता प्रत्येक कागद दोघं तपासतात. तेव्हापासून एकही चूक नाही. पण बाबांच्या वेळी विमानाच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मी कठडा धरून खाली बसलो. मागच्या माणसाने मला धरलं. मी उतरलो आणि रेल्वे पकडली. दोन गाड्या, एक बस, पुराने अडवलेला पूल. बाबा थांबले नाहीत.

लोकांना वाटतं, विमान कशावर उडतं ते माहीत असलेल्याला भीती कसली. ज्याला माहीत नाही तोच आरामात झोपतो, ताई. मला प्रत्येक मिनिटाला टाकीत किती उरलं ते दिसतं.

रेल्वेने यायचं तर तीन दिवस जायला, तीन यायला, आणि आम्हाला सलग रजा पाचच दिवसांची. शिवाय आई रेल्वेत बसू शकत नाही. मी सगळ्या बाजूंनी मोजून पाहिलंय. वाट निघत नाही.

तुझ्या आयुष्याच्या आड मी येतोय हे मला कळतं. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, पण लिही.
टिंगू


२४ सप्टेंबर

चि. टिंगूस,
अनेक आशीर्वाद. या वेळी दोन्ही हातांनी.

हसले नाही. तुझं पत्र ओट्याशी उभी राहून वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. बाबांच्या वेळी तुझ्याशी तोडून वागले, ते मनातून काढून टाक. मीही काढते.

एक साधी गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी मी एका शिक्षिकेची कवळी अशी केली, की शिकवताना ती वर्गात पडली. मुलं हसली, बाईंनी शाळा सोडली. अजून कुणी माझी कवळी लावून मोठ्याने बोलायला लागलं, की माझं लक्ष त्यांच्या शब्दांकडे नसतं. पण मला निदान ती घालावी लागत नाही. असो, तुझ्या दुखण्यापुढे हे काहीच नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की कळलं.

महाविद्यालयाला नकार लिहिलाय. पाकीट बंद करून ठेवलंय, परवा टाकीन. हळहळ करू नकोस. इथेही काम आहेच. खिडकीवरच्या बाईंचा दात सुंदर बसला.

फक्त एक भानगड झाली. तुझं पत्र मी कामाच्या कोटाच्या खिशात ठेवलं होतं आणि कोट आईच्या खोलीतल्या खुंटीवर राहिला. काल दुपारी मी बाजारातून आले, तर खिशात पत्र होतं, पण घडी उलटी होती. खुंटी पलंगापासून सात पावलांवर आहे आणि वॉकर दाराशी. म्हणजे ती माझ्याशिवाय चालली. संध्याकाळी तिने मागून एक कप चहा जास्त घेतला, एवढंच.

जेवत जा नीट. लोभ कमी झालेला नाही, हे लेखी देते.
तुझी ताई


२६ सप्टेंबर

चि. टिंग्यास,
आईचा आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे. मी तुझं पत्र चोरून वाचलं. आई चोरी करत नसते, ती शोध घेते.

आधी माझं सांगते, मग तुझं. तिसरी मदतनीस चांगली होती. दुसरीही चांगली होती. मी त्यांना घालवलं. त्या टिकल्या असत्या तर ही गेली असती. न्हाणीघरापर्यंत मी महिनाभरापासून एकटी जाऊ शकते, ही बाजारात गेली की जातेही. ती घरात असली की पाय उचलत नाही. तू न्यायला आलास तरच जाईन, हेही मी म्हणूनच म्हटलं होतं. तू येत नाहीस हे मला पाच वर्षांपासून ठाऊक आहे. का ते ठाऊक नव्हतं. सबब म्हणून मला ते पुरत होतं.

काल तिने नकाराचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि शांतपणे मेण वितळवायला बसली. ती रडली असती तर मी अजून सहा महिने ताणलं असतं. ती गुणगुणत होती. तुमचे बाबा शेवटच्या वर्षी असेच गुणगुणायचे, आपण फार कुणाला जड होऊ नये म्हणून. ते मला सहन झालं नाही. पाकीट मी फाडलं.

तिकीट खिडकीवरच्या बाईंना मी फोन केला. फोन उशाशी असल्याचा हा फायदा. एकोणतीस तारखेला सकाळचं विमान, खिडकीची जागा, खुर्चीची सोय सांगितली आहे. मी एकटी येते आहे. तुझ्या ताईला आज सांगितलं. ती खूप ओरडली, मला बरं वाटलं.

आता तुझं. त्या विमानाच्या कागदावर सही तूच करायची. दुसऱ्याला पुढे करून रजा टाकू नकोस, मला कळेल. एकशे बारा माणसं तू एकदा चुकून धोक्यात घातलीस, आणि त्यानंतर पाच वर्षं रोज चौदा विमानं नीट उतरवतो आहेस. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तू पहिलीच मोजतोस. मी दुसरीत बसते आहे.

स्टेशनावर नाही, विमानतळावर ये. चुकशील म्हणून लिहिलं.

तुझ्यावर असलेला लोभ घेऊनच निघते,
आई


३० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र तुझ्या नव्या पत्त्यावर टाकतोय. तू पोचण्याआधी पोचलं, तर तुझं स्वागत समज.

आई पोचली. घरी फोन केला, कुणी उचलला नाही, तू गाडीत असशील. दोन तास एकतीस मिनिटं लागली, वारा जास्त होता. मी सही केली. कागद माझ्या जोडीदाराने तपासला, मग मी त्याला पुन्हा तपासायला लावला, तिसऱ्यांदा दिला तेव्हा तो म्हणाला की आता यात फक्त शुद्धलेखन राहिलंय.

एक गोंधळ मात्र केला. मी पन्नास मिनिटांचं इंधन जास्त भरायला सांगितलं. इंधनाला वजन असतं, त्यामुळे बावीस लोकांच्या बॅगा तिकडेच उतरवून ठेवाव्या लागल्या. त्यात आईचीही होती. साहेबांनी बोलावून विचारलं, की कारण म्हणून कागदावर नुसतं प्रवासी असं का लिहिलं आहे. मी म्हणालो, की त्यात माझी आई होती. ते म्हणाले, की रोजच कुणाची ना कुणाची असते, मग रोज बॅगा उतरवायच्या का? लेखी खुलासा मागितला आहे. पाच वर्षांतला पहिला.

विमान येत होतं तेव्हा मी पडद्याकडे पाहत नव्हतो, घड्याळाकडे पाहत होतो. जोडीदाराने चाकं टेकली असं सांगितलं तेव्हा माझी खुर्ची मागे पडली. दारात गेलो. आई खुर्चीवर बसून आली. म्हणाली, की दोन तास पंचवीस लिहिलं होतंस, सहा मिनिटं उशीर. मग माझा हात धरला आणि विमानतळ संपेपर्यंत सोडला नाही. मी रडलो, हे तुला तिच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तिसऱ्या मजल्यावर चौघांनी उचलून नेली. लिफ्ट नाही हे मी तिला कळवायला विसरलो होतो. वर पोचल्यावर तिने जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, की आता मला खाली कोण सोडणार. आज सकाळी तिची नर्सबाईंशी पहिली चकमक झाली. दोघीही प्रसन्न आहेत.

उद्या दहा वाजता मी घड्याळ बघेन.
तुझाच
टिंगू


५ ऑक्टोबर

चि. टिंगूस,
अनेक आशीर्वाद.

नऊ पन्नासला पोचले, दहाला सही केली. वर्गात सतरा विद्यार्थी आहेत. पहिल्याच दिवशी एकाने मेण जाळलं आणि दुसऱ्याने स्वतःचं बोट साच्यात अडकवलं. मी खूप दिवसांनी पोट धरून हसले.

खोली लहान आहे. एक पलंग, एक टेबल, खिडकीबाहेर सायकलींचा तळ. रोज पाचला जाग येते आणि मी उठून उभी राहते. मग लक्षात येतं की कुणाला उठवायचं नाहीये. तरी उभीच राहते थोडा वेळ. दुपारी कार्यशाळेत कुणी पोराने नुसतं बाई अशी हाक मारली, तरी हातातलं टाकून धावते. पोरं एकमेकांकडे बघतात. इतकी वर्षं दार बाहेरून बंद आहे असं मला वाटत होतं. कडी बरीचशी आतून होती की काय, कोण जाणे. सवय जाईल म्हणतात.

आईच्या पत्रातून कळलं की ती मार्चमध्ये माझ्याकडे यायला तयार आहे, पण तू सोडायला आलास तरच. म्हणजे तिने अट बदलली नाही, फक्त दिशा बदलली. तिला म्हणावं, मी येऊन घेऊन जाईन, तुझ्यावर जबरदस्ती नको. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

लोभ आहेच, रोज पाच वाजता जास्त असतो.
तुझी ताई


२२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आईची तब्येत उत्तम. ती खोलीतून गॅलरीपर्यंत वॉकरशिवाय जाते. जिना मात्र अजून जमत नाही. चोपन्न पायऱ्या. खिडकीतून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाची कुंडली तिने मांडली आहे, आणि वर अडकवून ठेवल्याबद्दल मला दिवसातून दोनदा ऐकवते.

तू घेऊन जाईन म्हणालीस ते तिला सांगितलं. ऐकू न आल्यासारखं केलं. तीन मार्चच्या दोन जागा तिने राखून ठेवल्यात. एक खिडकीची, एक तिच्या शेजारची.

आता तुला एक सांगतो, हसू नकोस. संध्याकाळी शेवटचं विमान आलं, की तासभर सफाई चालते. सफाईच्या मुकादमाला मी विचारलं, की थोडा वेळ आत बसू का. त्याला वाटलं, माझं काही हरवलंय. पहिल्या दिवशी शिडीवरूनच परतलो. दुसऱ्या दिवशी दारातल्या पहिल्या खुर्चीवर बसलो, दार उघडं, विमान जमिनीवर, इंजिन बंद, टाकीत इंधनाचा प्रश्नच नाही, आणि तरी शर्ट भिजला. दोन मिनिटं. सफाईवाल्या बाई पाय उचला म्हणाल्या, तेवढं निमित्त धरून पळालो.

घरी आलो की आई विचारते, की आज किती. शाळेतल्या गुणांसारखं सांगावं लागतं. चार म्हटलं तर मान हलवते. सहा म्हटलं तेव्हा म्हणाली, की परवा पाच होते, बरं आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस गेलोच नाही, तर ती माझ्याकडे पाठ करून जेवली. तुझं म्हणणं बरोबर आहे, जबरदस्ती नको, पण ही बाई जबरदस्ती करत नाही, नुसती विचारते.

कालपासून मुकादम दार लावून घेतो. काल सात मिनिटं, आज नऊ. मार्चला शंभर दिवस आहेत आणि तुमच्याकडे यायला दोन तास लागतात. म्हणजे अजून एकशे अकरा मिनिटं कमी पडताहेत. आकडा मी दोनदा तपासलाय. वारा पाठीवर असेल.

तीन तारखेला आपल्या गावच्या विमानतळावर ये, पुढचे सहा तास आईला दोन टप्प्यांत नेऊ. खुर्च्या दोन सांगून ठेव, मला लागली तर असावी.
तुझ्या मायेच्या भरवशावर,
टिंगू